रुग्णालयाच्या सांडपाण्यातले औषधांचे अवशेष : ओझोन, कोळसा की दोन्ही?

नालाकाठ
बेळगावातल्या शंभर खाटांच्या एका रुग्णालयाचा एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) समोर ठेवून धागा काढतेय. क्षमता ५० केएलडी, म्हणजे दिवसाला ५० घनमीटर. रचना नेहमीचीच: जाळी, चरबीचा सापळा, इक्वलायझेशन टाकी (येणारं पाणी साठवून एकसारखं करणारी), एमबीबीआर (तरंगत्या प्लास्टिकच्या चकत्यांवर जिवाणू वाढवणारी टाकी), गाळ बसवणारा ट्यूब सेटलर, मग क्लॅरिफाइड टाकीत हायपो (क्लोरीनचं जंतुनाशक), पुढे वाळूचा फिल्टर, कार्बन फिल्टर आणि ट्रीटेड टाकी. आउटलेटचे आकडे: बीओडी ८, सीओडी ४२ (दोन्ही पाण्यातल्या सेंद्रिय घाणीची मापं), टीएसएस म्हणजे तरंगते कण १२, सगळे मिलिग्रॅम प्रतिलिटर. कागदावर काही खोट नाही.

पण उरलेलं पाणी गटारातून बळ्ळारी नाल्यात जातं, आणि नाल्याचं पाणी वडगाव-येळ्ळूर शिवारात मोटारीने चढतं. त्यावर भातही आहे आणि कोथिंबीर-पालकही. प्रतिजैविकं, वेदनाशामकं, फिटच्या गोळ्या, सीटी स्कॅनचं काँट्रास्ट यातलं किती निघतं, आणि राहिलेलं काढायला काय बसवावं? एका विक्रेत्याने ओझोन सुचवलाय, दुसऱ्याने यूव्ही-पेरॉक्साइड, तिसऱ्याने "पॅक डोसिंग". तिघांकडेही पाण्याचे आकडे हेच गेलेत.

गाळणी_मास्तर
ताई, या आकड्यांवरून तिघांपैकी कुणालाच काही सांगता येणार नाही. बीओडी ८ म्हणजे लिटरला ८,००० मायक्रोग्रॅम. कार्बामाझेपिन (फिटचं औषध), डायक्लोफिनॅक (वेदनाशामक) ही मंडळी असतात लिटरला एखाद-दोन मायक्रोग्रॅम. बीओडीच्या चाचणीतली चूकसुद्धा त्याहून शेकडो पटींनी मोठी असते.

आता किती निघतं ते. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन जिवाणू खातात, नीट चाललेल्या टाकीत नव्वद टक्क्यांवर जातं. डायक्लोफिनॅक अर्धंमुर्धं. कार्बामाझेपिन जवळजवळ आलं तसं जातं. कधी तर आउटलेटला इनलेटपेक्षा जास्त सापडतं. अशा वेळी लॅबला शिव्या घालू नका. शरीर ते औषध दुसऱ्या रेणूला जोडून बाहेर टाकतं, चाचणीत तो जोड दिसत नाही. टाकीतले जिवाणू जोड तोडतात आणि मूळ औषध मोकळं होतं.

सिप्रोफ्लॉक्सासिनचं वेगळंच. ते पाण्यातून कमी होतं, पण संपत नाही, गाळाला चिकटून बसतं. तुमचा गाळ कुठे जातो?

नालाकाठ
वाळवून बागेत टाकतात.

गाळणी_मास्तर
ते आधी थांबवा, त्याला यंत्र लागत नाही. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रुग्णालयाच्या सांडपाणी प्रक्रियेचा गाळ सामायिक जैववैद्यकीय केंद्राकडे जाळायला किंवा घातक कचऱ्याच्या केंद्राकडे द्यायचा असतो. बाग आणि शेत त्यात बसत नाही.

खानापूरकर
पण मास्तर, कार्बन फिल्टर आहे की आधीच. कोळसा औषधं धरतो म्हणतात, मग अजून वेगळं कशाला पाहिजे?

गाळणी_मास्तर
कोळसा धरतो, पण त्याला वेळ द्यायला लागतो. ताई, फिल्टरचं माप टाका.

नालाकाठ
व्यास ५०० मिमी, कोळशाचा थर १ मीटर. पंप ताशी अडीच घनमीटर, दिवसाला वीस तास.

गाळणी_मास्तर
झालं तर मग. थराचं क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर, आकारमान ०.१९६ घनमीटर. २.५ने भागा: पाणी कोळशाबरोबर राहतं पावणेपाच मिनिटं. वास, रंग, क्लोरीन याला एवढं पुरतं. औषधांसाठी रिकाम्या थराचा संपर्ककाळ किमान १५ ते २० मिनिटं धरतात. २० मिनिटांना ०.८३ घनमीटर कोळसा लागेल, म्हणजे ४०० किलोच्या आसपास. दीड मीटर थर धरला तर टाकीचा व्यास साधारण ८५० मिमी. एकच जाड टाकी घेण्यापेक्षा दोन टाक्या मालिकेत लावा. पहिली भरली की तिचा कोळसा बदलायचा आणि तिला मागे टाकायची. दोन्ही टाक्यांना पुढे-मागे करता येईल अशी व्हॉल्व्हची जोडणी पाइप टाकतानाच करून घ्या, मागाहून कुणी करत नाही.

दुसरी चूक क्रमाची. हायपो क्लॅरिफाइड टाकीत म्हणजे कार्बनच्या आधी. तो क्लोरीन कोळशाच्या वरच्या चार बोटांत संपतो. म्हणजे हायपो वाया, कोळसा खराब, आणि ट्रीटेड टाकीत निर्जंतुकीकरण शून्य. त्याहून वाईट म्हणजे क्लोरीन औषधांच्या रेणूंना चिकटून नवी क्लोरिनयुक्त भावंडं तयार करतो. हायपो नेहमी शेवटी.

खानापूरकर
कोळसा कुठला? करवंटीचा आयोडीन नंबर जास्त, तोच घ्यावा असं सगळे विक्रेते म्हणतात.

गाळणी_मास्तर
आयोडीन नंबर फक्त बारीक छिद्रं मोजतो. करवंटीच्या कोळशात तीच जास्त. पिण्याच्या पाण्याला उत्तम. सांडपाण्यात मात्र मोठे सेंद्रिय रेणू भरपूर असतात, ते बारीक छिद्रांच्या तोंडाशी अडकून दार बंद करतात. दगडी कोळशापासून केलेल्या कार्बनमध्ये मध्यम छिद्रं जास्त, म्हणून तो इथे जास्त दिवस टिकतो. आयोडीन ९०० चालेल, पण मध्यम छिद्रं दाखवणारा मिथिलीन ब्लूचा आकडाही मागा. दाण्याचं माप जाळी ८ बाय ३०.

नवा कोळसा आल्या आल्या पाणी सोडू नका. चोवीस तास भिजत ठेवा, छिद्रांतली हवा बाहेर आली पाहिजे. मग उलट धुवा, काळं पाणी थांबेपर्यंत. पहिले काही तास आउटलेटचा पीएच ९-१०पर्यंत जाऊ शकतो, घाबरू नका.

निपाणीकर_केमिस्ट
आमच्याकडे साखर कारखान्यांच्या बॉयलरमधली बगॅसची (उसाच्या चोथ्याची) राख ढिगाने मिळते, ती स्वस्तात वापरू का असं बरेच जण विचारतात, म्हणून आधीच सांगतो. ती सक्रिय कोळसा नव्हे. थोडा न जळलेला कार्बन असतो, बाकी सिलिका आणि क्षार. पृष्ठभाग कोळशाच्या मानाने अगदीच कमी, पीएच वर चढतो, आणि फिल्टरमध्ये चिखल होतो. रंग थोडा ओढते, त्यावर भुलू नका.

ब्लोअर_अण्णा
आता ओझोनकडे येऊ. ओझोनचा डोस पाण्यावर नाही, पाण्यातल्या विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनवर ठरतो, त्याला डीओसी म्हणतात. स्वित्झर्लंडने २०१६पासून निवडक मोठ्या केंद्रांना सूक्ष्म प्रदूषकं सरासरी ८० टक्के काढणं बंधनकारक केलं. तिथे दोनच मार्ग रुळले, ओझोन आणि कोळसा. ओझोनचा डोस साधारण दर ग्रॅम डीओसीला ०.६ ते ०.८ ग्रॅम.

तुमच्या पाण्याला हिशेब: डीओसी १० धरू, ०.७ने ७ मिलिग्रॅम प्रतिलिटर. अडीच घनमीटरला तासाला साडेसतरा ग्रॅम. पाण्यात उतरण्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर साधारण २१ ग्रॅम. वर जागा ठेवून ३०-४० ग्रॅम प्रतितासाचं जनरेटर.

पण, आणि हा पण मोठा आहे, नायट्राइट किती आहे? रिपोर्टमध्ये दिसत नाही. नायट्राइटमधला एक मिलिग्रॅम नायट्रोजन ३.४३ मिलिग्रॅम ओझोन गिळतो, तोही सगळ्यात आधी. नायट्राइट ३ असलं तर त्यालाच दहा मिलिग्रॅम लागतात, तुमचे सात त्यातच गेले, औषधांपर्यंत काही पोचलंच नाही. लोक जनरेटरला दोष देतात, तो बिचारा नीट चाललेला असतो. बाजारात मिळणाऱ्या रंगाच्या किटने बघा, पाच मिनिटांचं काम.

नालाकाठ
किटने सेटलरच्या आउटलेटला नायट्राइट नायट्रोजन २.८. अमोनिया नायट्रोजन ९. एमबीबीआरमध्ये डीओ (विरघळलेला प्राणवायू) १.८.

ब्लोअर_अण्णा
२.८ गुणिले ३.४३, म्हणजे ९.६ मिलिग्रॅम ओझोन. औषधांच्या वाटच्या सातपेक्षा जास्त. ओझोनची ऑर्डर आज देऊ नका.

अमोनियाचं नायट्रेट दोन पायऱ्यांत होतं. पहिल्या पायरीचे जिवाणू काटक, दुसऱ्या पायरीचे नाजूक. दुसरे मेले किंवा उपाशी राहिले की नायट्राइट साचतो. तुमच्याकडे तीन ठिकाणी बघा.

हवा: साध्या टाकीत डीओ २ चालतो. एमबीबीआरमध्ये प्राणवायूला चकत्यांवरच्या थरात आत शिरायचं असतं, तिथे नायट्रिफिकेशनला ४ ते ५ लागतो. आधी डिफ्यूझर तपासा. एका कोपऱ्यात मोठे बुडबुडे उकळल्यासारखे येत असतील तर रबरी पडदा फाटलाय, हवा तिथूनच पळतेय आणि बाकी टाकीला हवाच नाही.

क्षारता: एक मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजनला ७.१४ मिलिग्रॅम क्षारता लागते. अमोनिया ३० आला तर २१४ लागली. शहराला येणारं राकसकोप जलाशयाचं पाणी पावसाचं, बोअरपेक्षा मऊ, त्यात एवढी क्षारता असेलच असं नाही. आउटलेटला ७०-८०च्या खाली गेली असेल तर सोडियम बायकार्बोनेट द्या, रोज थोडं थोडं, एकदम पोतं नाही.

जंतुनाशक: रुग्णालयात हे हमखास. सकाळी फरशी पुसल्याचं हायपो आणि बेंझाल्कोनियमवालं क्लीनर एकदम खाली येतं, त्यात लाँड्रीचं ब्लीच. इक्वलायझेशन टाकी सहा-आठ तासांची असून रात्री ती रिकामी करून ठेवत असाल तर सकाळचा तो घोट एमबीबीआरला जसाच्या तसा बसतो. पहाटे टाकी किमान अर्धी भरलेली पाहिजे.

खानापूरकर
आमच्या तालुक्यातल्या बारक्या दवाखान्यांत अण्णा म्हणतात तेच चाललंय की. शिल्लक हायपो बेसिनमध्ये ओततात आणि मग टाकीला वास येतो म्हणून अजून हायपो.

निपाणीकर_केमिस्ट
मोजमापाबद्दल थोडं. औषधांची चाचणी एलसी-एमएसएमएस या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर होते, महाग पडते, दर आठवड्याला शक्य नाही. रोजच्या कामाला २५४ नॅनोमीटरवरचा यूव्ही शोषणांक वापरा. औषधं जिथे जातात तिथे हा आकडाही उतरतो. ओझोनने तो साधारण ४० ते ५० टक्के खाली आला की कार्बामाझेपिन, डायक्लोफिनॅक यांसारखे झटकन प्रतिक्रिया देणारे रेणू बहुतेक गेलेले असतात. कार्बनवर इन-आउटचा फरक कमी कमी होत गेला की थर भरत आला.

चुका कुठे होतात: काचेचा क्युव्हेट वापरला तर काचच यूव्ही खाते, क्वार्ट्झच पाहिजे. नमुना ०.४५ मायक्रॉनच्या कागदातून गाळूनच लावा, नाहीतर तुम्ही गढूळपणा मोजताय. ओझोन स्वतःही २५४च्या आसपास शोषतो, म्हणून शिल्लक ओझोन हवा फुंकून काढा, मग वाचा. आणि दर वेळी डिस्टिल्ड पाण्याने शून्य.

महागड्या चाचणीला नमुना चोवीस तासांचा मिश्र घ्या, तपकिरी काचेच्या बाटलीत, बर्फात. क्लोरीन असेल तर बाटलीतच थायोसल्फेट टाका. सगळी औषधं मागू नका. कार्बामाझेपिन, डायक्लोफिनॅक, सल्फामेथॉक्सॅझोल, मेटोप्रोलॉल, सिप्रोफ्लॉक्सासिन एवढी पाच पुरेत, इन आणि आउट दोन्ही. लॅबला आधीच विचारा की ते किती खालपर्यंत मोजू शकतात. "आढळले नाही" या दोन शब्दांचा अर्थ त्यावरच ठरतो.

नालाकाठ
आणि "पॅक डोसिंग"?

निपाणीकर_केमिस्ट
त्याला फोन करून विचारा, कुठलं पॅक? आपल्याकडे पॅक म्हणजे पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड, बाहेरच्या कागदपत्रांत पॅक म्हणजे भुकटी कोळसा. पहिल्याने गाळ बसतो, विरघळलेली औषधं जशीच्या तशी. दोघांचं संक्षिप्त नाव एकच असल्याने कोटेशनमध्ये बिनदिक्कत घोळ होतो.

भुकटी कोळसा असेल तर वाईट नाही. १५ मिलिग्रॅम प्रतिलिटरने ५० घनमीटरला दिवसाला पाऊण किलो, महिन्याला साडेबावीस. पण एमबीबीआरमध्ये गाळ परत फिरवत नाहीत, त्यामुळे तो जैविक टाकीत टाकून उपयोग नाही. सेटलरनंतर वेगळी अर्ध्या तासाची ढवळटाकी, मग तुरटी किंवा पॉलिअॅल्युमिनियमवालं पॅक, मग वाळू. बारीक भुकटी सुटली की ट्रीटेड टाकी काळी.

डोस ठरवायला बीकर चाचणी करा: ५ ग्रॅम भुकटी लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी लिटरभर नमुन्यात १, २, ४, ८ मिली टाका, म्हणजे ५, १०, २०, ४० मिलिग्रॅम. तासभर ढवळा, गाळा, २५४वर वाचा. वक्र जिथे सपाट होतो त्याच्या अलीकडे तुमचा डोस.

उद्यमबाग_२
यूव्ही-पेरॉक्साइडवर कुणी बोललं नाही. आणि प्लेटिंगच्या (धातूच्या मुलाम्याच्या) पाण्यातल्या पीफासला, म्हणजे न मोडणाऱ्या फ्लोरीनयुक्त रसायनांना, यातलं काय चालतं?

ब्लोअर_अण्णा
यूव्ही-पेरॉक्साइड इथे महाग पडेल. जंतू मारायला ४० मिलिज्यूल प्रति चौ.सेमी पुरतात, औषधं फोडायला ५०० आणि पुढे. तुमच्या पाण्यातून २५४चा प्रकाश सेंटिमीटरला ६०-७० टक्केच पार होतो, बाकी पाणीच खातं. शिवाय शिल्लक पेरॉक्साइड काढावं लागतं. एक गंमत: पेरॉक्साइड शिल्लक असताना सीओडी केला तर दर मिलिग्रॅमला ०.४७ने आकडा फुगतो. फेंटन (लोह आणि पेरॉक्साइडची पद्धत) लावणाऱ्यांकडे "सीओडी वाढला" ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते.

गाळणी_मास्तर
पीफासला ओझोन काहीच करत नाही, कार्बन-फ्लोरीनचा बंध त्याला तुटत नाही. क्रोमच्या टाकीवर धूर दाबायला जो फेस टाकतात तो बऱ्याचदा याच कुळातला. लांब साखळीचे रेणू कोळसा धरतो, आखूड लवकर निसटतात, तिथे आयन एक्स्चेंज रेझिन. नमुना मात्र काचेत नको, पॉलिप्रॉपिलीन बाटलीत, आणि नळाच्या आट्यांना टेफ्लॉन टेप असेल तर नमुनाच वाया. हा विषय मोठा आहे, वेगळा धागा काढा.

नालाकाठ
नायट्राइट सुधारला असं धरून ओझोन घेतला तर? रुग्णालयात कोविडनंतर दहा लिटरचे चार ऑक्सिजन काँसन्ट्रेटर पडून आहेत. तेच वापरावेत असा व्यवस्थापनाचा आग्रह आहे.

ब्लोअर_अण्णा
४० ग्रॅमला साधारण सहा-सात लिटर प्रतिमिनिट ऑक्सिजन लागतो, म्हणजे आकड्यात बसतं. दाबात बसत नाही. त्या यंत्रांचा दाब अर्ध्या बारच्या आसपास. संपर्कस्तंभ साडेचार मीटर उंच, पाणीच ०.४५ बार खातं. वर डिफ्यूझर, पाइप आणि जनरेटरचा अडथळा. वायू तळाला पोचणारच नाही. व्हेंचुरीने (पाण्याच्या वेगाने वायू ओढणाऱ्या निमुळत्या नळीने) ओढून घेतला तर चालेल, पण त्याला वेगळा पंप आला.

हवेवर चालणारं स्वस्त जनरेटर मात्र बेळगावात घेऊ नका. जून ते सप्टेंबर इथली हवा ओली असते. आत आलेल्या हवेचा दवबिंदू उणे ६० अंश पाहिजे. ओलावा आत गेला की विद्युतविसर्गात नायट्रिक आम्ल होतं आणि इलेक्ट्रोड खातं. सिलिका जेलच्या दोन बरण्यांनी हे सावरत नाही.

बाकी बारकावे: वीस मिनिटांना ०.८३ घनमीटर, म्हणजे ५०० मिमी व्यासाचा, साडेचार मीटर पाण्याचा एसएस ३१६ स्टेनलेस स्टीलचा स्तंभ. गॅस्केट टेफ्लॉन किंवा व्हायटॉन, साधं रबर काही महिन्यांत तडकतं. वीज गेली की पाणी उलट जनरेटरमध्ये शिरतं, म्हणून गॅसची नळी पाण्याच्या पातळीच्या वर वळवून आणा, त्यावर नॉन-रिटर्न आणि आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह. वरचा उरलेला वायू मँगनीज डायऑक्साइडच्या तापवलेल्या डब्यातून सोडा. तिथे कोळशाचा डबा लावू नका, ऑक्सिजन जास्त असल्याने पेट घेतो. ओझोन हवेपेक्षा जड, खोलीचा पंखा जमिनीलगत, अलार्म ०.१ पीपीएमला. नाकावर भरवसा नको, थोड्या वेळाने वास येईनासा होतो.

निपाणीकर_केमिस्ट
बोअरचं पाणी मिसळत असेल तर ब्रोमाइड तपासा. लिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ओझोनने ब्रोमेट होतो. ओझोननंतर लगेच नाल्यात सोडणंही बरं नाही. रेणू मोडून छोटे तुकडे होतात, त्यातले बरेच जिवाणूंना खाता येतात. म्हणून पुढे वाळूची किंवा कोळशाची जिवंत गाळणी हवीच. तुमच्याकडे क्रम असा: वाळू, ओझोन, कोळसा, मग हायपो.

आणि काँट्रास्टवर ओझोन सुस्त आहे, कोळसाही कमकुवत. त्यावर उपाय उगमाशी: सीटीनंतर चोवीस तासांत जवळपास सगळं लघवीतून जातं. वॉर्डातल्या रुग्णांची लघवी तेवढा वेळ वेगळ्या पिशवीत घेतली तर एसटीपीवरचा बराच भार आधीच उतरतो. मुदत संपलेली सिरपं बेसिनमध्ये ओतणं तर आजच बंद होऊ शकतं.

नालाकाठ
सगळ्यांचे आभार. आधी डिफ्यूझर, बायकार्बोनेट, सकाळची टाकी अर्धी. नायट्राइट सलग दोन आठवडे ०.३च्या खाली आला की मोठा कार्बन, हायपो शेवटी. ओझोन त्यानंतर, यूव्ही २५४चे आकडे बघून. शेवटचं एक: जुन्या फिल्टरमधला कोळसा काढायला माणूस आत उतरवायचा, तर काय काळजी?

गाळणी_मास्तर
उतरवायचाच नाही. ओला कोळसा बंद टाकीतला ऑक्सिजन ओढून घेतो, वर उघडं झाकण असलं तरी तळाशी हवा विषासारखी असते. माणूस वाकला की आवाज न करता कोसळतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो. खालचा फ्लँज उघडा, पाण्याच्या पाइपने कोळसा सैल करून रबडीसारखा बाहेर वाहू द्या, ड्रमला जाळी लावा. तो शेतात, भट्टीत किंवा बॉयलरमध्ये नाही, घातक कचऱ्याच्या केंद्राकडे.

नालाकाठ
खाली फ्लँज नाहीये, फक्त वरचं झाकण.

गाळणी_मास्तर
मग वरून पाण्यात बुडवून ठेवा आणि इडक्टर (पाण्याच्या धारेच्या जोरावर ओढणारी तोटी) लावून ओढून घ्या. नव्या टाकीच्या ऑर्डरमध्ये तळाला १०० मिमीचा काढता येणारा फ्लँज आणि बाजूला हाताचं झाकण लिहून घ्या, ड्रॉइंगवर सही करायच्या आधी.